मागच्या काचेवरची वाफ

१

भाड्याच्या गाड्या देणाऱ्या त्या कंपनीत खात्रीकाकांचं खरं नाव कुणालाच आठवत नसे, आणि काकांचीही त्याला काही हरकत नव्हती. गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली ठेवता ठेवता ते म्हणायचे, "थांबा हं, एकदा खात्री करून घेतो." ती एकदाची खात्री मग गाडीभोवती फेऱ्या मारमारून चांगली चार-पाचदा व्हायची आणि गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत चुळबुळत राहायचं. घरीसुद्धा तेच. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारा माणूस! बायको म्हणायची, "कुलूप ओढून ओढून एक दिवस कडी हातात येईल. मग बसा दारात राखण करत."

हिवाळा आला की मात्र ह्याच खोडीला भाव यायचा. कंपनीचं आवार डोंगराच्या अगदी पायथ्याशी होतं. फाटकाबाहेरचा रस्ता दोन वळणं घेऊन थेट घाटाला लागायचा, आणि वर बर्फ पडायला लागलं की ते बघायला जाणाऱ्यांची खाली झुंबड उडायची. त्या गाड्या घाटासाठी तयार करायचं काम काकांचं. टायर बदलून थंडीचे घालायचे, रेडिएटरमध्ये न गोठणारं पाणी भरायचं, बॅटरी तपासायची. मग डिकीत एक मोठी पिशवी ठेवायची. तीत टायरला बांधायच्या साखळ्या, छोटं फावडं, टॉर्च आणि एक ब्लँकेट. "बर्फात अडकलात तर साखळ्या," काका गिऱ्हाइकाला समजावायचे, "साखळ्यांनी नाही भागलं तर फावडं. आणि फावड्यानंही हात टेकले तर ब्लँकेट पांघरून गप बसा, कुणीतरी येईलच."

त्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे आवारातल्या गाड्यांच्या काचांवरचं दहिवर प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडत होते. रात्रभर गोठून काचा पांढऱ्याफटक झालेल्या असायच्या. करड्या गाडीच्या मागच्या काचेशी ते आले, खरवडलं, दहिवर भुरूभुरू खाली पडलं. काच तरी पांढरीच. त्यांनी पुन्हा खरवडलं. मग हातमोजा काढून अंगठ्यानं घासून बघितलं.

काच बाहेरून स्वच्छ होती. पांढरं होतं ते आतून.

२

आता काचेवर आतून वाफ कधी धरते, हे काकांना कुणी शिकवायला नको होतं. गाडीत जिवंत माणूस बराच वेळ बसून श्वास सोडत असेल तर. मोकळ्या उभ्या गाडीच्या काचा बाहेरून गोठतील, पण आतून कोरड्या ठणठणीत राहतात.

त्यांनी गाडी उघडली. सीटवर हात फिरवला, सीट दगडासारख्या गार. पुढची काच स्वच्छ, बाजूच्या काचा स्वच्छ. वाफ होती ती फक्त मागच्या काचेवर, म्हणजे डिकीच्या बरोबर वर. काकांनी मागचं दार उघडलं. आत पिशवी होती, दुसरं काही नाही.

गाडी आदल्याच दिवशी घाटावरून परत आली होती. एका जोडप्यानं नेली होती. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला होता, "मागचं काही वापरावं लागलं का?" नवरा लगबगीनं म्हणाला होता, "नाही, नाही. डिकी आम्ही उघडलीच नाही." त्याची बायको तोवर फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली होती, गाडीकडे पाठ करून. तिला थांबायचंच नव्हतं. भांडले असतील, काकांना वाटलं होतं. लांबच्या प्रवासात नवरा-बायको भांडतातच.

पिशवी त्यांनी आत्ता उघडली. साखळ्या कोरड्या, फावडं कोरडं. ब्लँकेट मात्र कंपनीचं नव्हतं. कंपनीची ब्लँकेटं म्हणजे निव्वळ नावाची, उजेडाला धरली तर पलीकडचं दिसावं अशी. हे जाडजूड लोकरीचं तपकिरी कांबळं होतं, व्यवस्थित घडी घातलेलं.

"अरेच्चा," काका स्वतःशीच म्हणाले. डिकी उघडली नाही म्हणे! पण चांगलं कांबळं ठेवून फाटकं ब्लँकेट कोण पळवेल? चोराला काही अक्कल असते की नाही? त्यांनी कांबळं नाकाशी नेलं. लोकरीला कसला ना कसला वास असतोच, कपाटाचा, साबणाचा, धुराचा, नाहीतर माणसाचा. ह्याला कसलाच वास नव्हता.

बघूया, विचारायला येतील तेव्हा देऊ, असं म्हणत त्यांनी ते परत पिशवीत घातलं. त्यांचं सगळं लक्ष काचेवर होतं. त्यांचा संशय एव्हाना भलत्याच माणसाकडे धावला होता.

३

"रात्री झोपतोस कुठे रे तू?" त्यांनी वॉचमनला फाटकाशी गाठलं.

"झोपत नाही काका. न झोपण्याचाच तर पगार घेतो."

"मला शेंड्या लावू नकोस. करड्या गाडीत झोपतोस. मागं, डिकीत, पाय मुडपून. काचेवर वाफ आहे."

वॉचमन हसायला लागला, पण काका हसत नाहीत हे बघून त्याचा चेहरा उतरला. "काका, किल्ल्या ऑफिसात असतात, ऑफिसला कुलूप असतं आणि त्याची चावी तुमच्याकडे. मी काय काचेतून आत शिरू? इतकी वर्षं इथे आहे मी. एवढा का विश्वास उडाला?"

काका वरमले. तरी त्यांच्या तोंडून निघायचं ते निघालंच, "मग वाफ कुणाची?"

"मला काय ठाऊक! मी त्या गाडीकडे फिरकलोसुद्धा नाही."

"का?"

"उगाच," वॉचमन म्हणाला आणि फाटकाच्या कडीशी खुडबुड करत बसला.

त्या संध्याकाळी काकांनी करड्या गाडीची चारही दारं ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली आणि दोन्ही किल्ल्या खिशात घालून घरी नेल्या. बायकोनं त्या उशाशी बघितल्या. "आता गाड्याही उशाशी घेऊन झोपणार का? मला बाई कुठेतरी जागा ठेवा."

सकाळी काच आतून पांढरी होती. आदल्या दिवसापेक्षा जास्तच.

४

मिस्त्री आला, गुडघ्यांवर बसला, गाडीच्या खाली डोकावला. हीटरचा पाइप बघितला, गालिचे उचलून बघितले, स्पेअर टायरच्या खळग्यात हात घालून बघितला. "एक थेंब पाणी नाही कुठे," तो उठत म्हणाला. "काका, काचेला घाम आला म्हणून मला बोलावलंत. उद्या शिंक आली तर डॉक्टरला बोलावाल."

"मस्करी पुरे. ही मागून बसलीय का बघ."

मिस्त्रीनं दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले. गाडी मागच्या बाजूनं किंचित खाली होती. लक्ष देऊन बघितलं तरच कळेल इतकीच. "बसलीय खरी. काय भरलंय डिकीत?"

"काय भरणार? नेहमीची पिशवी."

"मग स्प्रिंग मऊ पडली असेल. ह्या गाडीनं घाट थोडे का चढलेत!" मिस्त्री हात पुसत शेडमध्ये निघून गेला.

पटण्यासारखं होतं. वाफेलाही असंच काहीतरी पटण्यासारखं कारण असणार, काकांनी स्वतःला समजावलं. आपला स्वभावच मेला संशयी. दारावरची कडी दिसत असताना ती हातानं चाचपून बघणारी माणसं आपण. त्यांनी फडकं घेतलं आणि मागची काच पुसायला लागले.

पुसताना त्यांचा कान काचेला टेकला.

आवारात त्या वेळी कुणी नव्हतं. आतून एक आवाज येत होता. लांबलचक आत घेतलेला, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग सावकाश सोडलेला. डोक्यावरून पांघरूण ओढून गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा. काकांनी आपला श्वास रोखून धरला. आपलाच असेल, कानटोपीत घुमत असेल. त्यांचा श्वास थांबला, आतला थांबला नाही.

त्यांनी घाईनं किल्ली लावली. मागचं दार वर उचलताच आवाज बंद झाला. आत फक्त पिशवी. त्यांनी हात घालून सगळं चाचपलं. साखळ्या बर्फासारख्या, फावडं बर्फासारखं. कांबळ्याच्या घडीत मात्र ऊब होती, कुणी अंथरुणातून नुकतंच उठून गेल्यावर राहते तशी. ऊन पडलं असेल काचेतून, काका पुटपुटले आणि त्यांनी वर बघितलं. सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं.

त्यांनी दाणकन दार आपटलं. घाबरले होते, उगाच कशाला लपवा? चांगलेच घाबरले होते. त्यांच्या मनानं निकाल देऊन टाकला की ही गाडी वाईट आहे. ही कुणालाही द्यायची नाही.

५

ऑफिसात मॅनेजरबाईंनी त्यांना बघताच हसून सांगितलं, "काका, उद्या खास गिऱ्हाईक आहे हं तुमचं. मुलगी आणि जावई. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती, पण मला राहवेना. घाटावर चाललेत दोघं. करडी गाडी लावलीय त्यांना, मोठी आहे, आरामात जातील."

काका घाईनं म्हणाले, "करडी नको."

"का बरं?"

आता सांगायचं काय? "मागच्या काचेवर वाफ धरते."

"मग पुसा की काका."

"आणि मागून बसलीय. स्प्रिंग गेलीय. मिस्त्रीला विचारा." खोटं काही नव्हतं त्यात. "लाल गाडी द्या. तिचे टायर त्याच मापाचे आहेत, मी संध्याकाळपर्यंत तयार करतो. माझ्या जबाबदारीवर."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण थट्टा न करता त्यांनी गाडी बदलून दिली.

मुलगी ही काकांची एकुलती एक. तिच्यासाठी गाडी तयार करायची म्हणजे मग काय विचारता! लाल गाडी शेडमध्ये घेतली, मिस्त्रीनं थंडीचे टायर चढवले. काकांनी प्रत्येक नट स्वतः आवळला, मिस्त्रीनं कपाळाला हात लावला तरी पुन्हा आवळला. वायपरची रबरं नवी घातली. दिवे, ब्रेक, हीटर, हॉर्न, सगळं बघून झालं. राहिली डिकीतली पिशवी. लाल गाडीच्या पिशवीतल्या साखळीची एक कडी वाकलेली होती आणि ब्लँकेट म्हणजे निव्वळ चिंधी. आवारात ह्या टायरांच्या मापाची धड साखळी एकाच पिशवीत होती.

काकांनी क्षणभरच विचार केला. साखळ्यांचा काय दोष? दोष गाडीचा. शिवाय कांबळं जाड होतं. पोरगी थंडीची भारी कच्ची. लहानपणी हिवाळ्यात ती बाबांच्या कुशीत शिरायची आणि आपले गारढोण पाय त्यांच्या पोटाला लावून झोपायची. तिचे पाय गरम होईपर्यंत ते हूं की चूं न करता पडून राहायचे. आता पाय गरम करायला बाप थोडाच बरोबर जाणार होता? निदान कांबळं तरी चांगलं जाऊ दे.

करड्या गाडीतून पिशवी काढून त्यांनी ती लाल गाडीच्या डिकीत ठेवली. उचलताना जड लागली. वय झालं आता, काकांना वाटलं.

६

सकाळी मुलगी आली ती चिवचिवतच. "मॅडमनी फोडलं ना बिंग? मला वाटलंच होतं! बाबा, आधीच सांगते, गॅस बंद आहे, कुलूप ओढून बघितलंय, ह्यांनी पण बघितलंय."

"पुन्हा जाऊन एकदा खात्री करून येऊ का?" जावई गंभीर चेहरा करून म्हणाला. सासऱ्याची फिरकी घ्यायची एकही संधी तो सोडत नसे.

काका हसले. खूप दिवसांनी मोकळेपणी हसले. त्यांनी दोघांना साखळी बांधायची कशी ते दाखवलं, उतारावर ब्रेक एकदम दाबायचा नाही हे बजावलं, मग पुन्हा बजावलं. लाल गाडी रात्रभर शेडच्या उबेत होती. तिच्या काचा आतून-बाहेरून लखलखीत होत्या. काकांनी मागची काच मुद्दाम दोनदा बघितली.

"सामान?" त्यांनी विचारलं.

"एकच बॅग आहे, ती मागच्या सीटवर टाकलीय. चला, येतो बाबा. पोचलो की फोन करते."

गाडी शेडमधून बाहेर थंडीत आली आणि वॉचमन फाटक उघडेपर्यंत थांबली. मग फाटकाजवळच्या उंचवट्यावरून जाताना तिचा मागचा भाग जमिनीला खर्रकन घासला. एक बॅग आणि दोन माणसं. काकांच्या कपाळाला आठी पडली. मागच्या काचेच्या मधोमध थोडं पांढरं धरल्यासारखं दिसलं. बाहेर थंडी, आत दोन गरम माणसं, धरणारच की वाफ. त्यांनी हात हलवला. मुलीनंही खिडकीतून हात काढून हलवला.

ते पट्टी घेऊन नेहमीच्या कामाला लागले. सुरुवातच करड्या गाडीपासून केली. त्यांनी मागच्या काचेवरचं दहिवर खरवडलं.

काच आरपार स्वच्छ होती. आतली रिकामी डिकी दिसत होती, पलीकडच्या सीट दिसत होत्या, पुढच्या काचेवरचं दहिवरसुद्धा दिसत होतं. काका दोन पावलं मागे सरले. गाडी मागून बसलेली नव्हती. इतर गाड्यांसारखी सरळ, चार चाकांवर सारखी उभी होती.

स्प्रिंग मऊ पडली असती तर ती एका रात्रीत बरी झाली नसती.

 त्यांनी मान वर केली. घाटाचं पहिलं वळण आवाराच्या भिंतीच्या बरोबर वर, हाकेच्या अंतरावर होतं. लाल गाडी सावकाश वळत होती. पुढच्या सीटवर दोन डोकी होती, जवळजवळ, हसत असल्यासारखी हलत होती. मागची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरी झाली होती. आणि काका बघत असतानाच त्या पांढऱ्यात, खालच्या बाजूला, एक तळव्याएवढा गोल स्वच्छ झाला. बाहेर बघायचं असलं की आपण काच पुसतो तसा.

गाडी वळणाआड गेली.

७

घाटात रेंज जात-येत होती. बऱ्याच वेळानं एकदाचा फोन लागला.

"बोला बाबा, स्पीकरवर आहात!"

"गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता थांबवा आणि खाली उतरा."

"का? काय झालं?"

"डिकीतलं ते कांबळं... ते बाहेर फेकून द्या. नको, हातच लावू नका त्याला. नुसते उतरा दोघं. माझं ऐक बाळा."

 पलीकडून जावयाचं हसू ऐकू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ तिचं. "बाबा, तुम्ही पण ना! आता काय राहिलं खात्री करायचं? नट? अहो, गाडी फर्स्टक्लास चाललीय."

आयुष्यभर ज्या माणसानं प्रत्येक कडी ओढून बघितली, त्यानं आज ओरडून सांगितलं तरी कोण ऐकणार? काकांना रडूच फुटलं. "तुझ्या पाया पडतो गं. एकदा ऐक. गाडी थांबव."

"बाबा?" तिच्या आवाजातलं हसू विरलं. "रडताय का तुम्ही? अहो, आम्ही मजेत आहोत. कांबळ्याला कुणी हातसुद्धा नाही लावला, ते मागेच आहे. गरजच नाही हो त्याची. इतकी ऊब आहे ना गाडीत! माझे पाय, खोटं वाटेल तुम्हाला, माझे पाय गरम झालेत. आम्ही तर हीटर कधीचा बंद करून टाकलाय."

"थांबव," एवढंच काका पुन्हा म्हणाले.

"काय हो," ती नवऱ्याला म्हणाली, "थांबवा जरा कडेला. बाबांचं काहीतरी बिनसलंय."

"ह्या वळणावर कुठे थांबवू? पुढे जागा दिसली की थांबवतो."

फोन सुरूच होता. इंजिनाची घरघर ऐकू येत होती आणि चाकांखाली बर्फाची करकर. काकांनी फोन कानावर घट्ट दाबला. त्या आवाजांच्या खाली तिसरा एक आवाज होता, फोनच्या अगदी जवळ, मुलीच्या सीटच्या बरोबर मागे असावा इतका जवळ. तो त्यांनी लगेच ओळखला. काचेला कान लावून ऐकला होता तोच श्वास. पण आता तो लांबलचक नव्हता, सावकाशही नव्हता. भराभर येत होता, उत्सुक असल्यासारखा.

ते जे काही होतं, ते आता झोपलेलं नव्हतं.